माउलीपुढचा टेबलफॅन

"काच वर घ्या आधी!" पुढच्या सीटवरून नाना ओरडले. आमची टॅक्सी घाट अर्धाअधिक उतरली होती आणि मी जरा वारा लागावा म्हणून खिडकी चार बोटं खाली केली होती.

मी काच वर घेतली. ऑक्टोबरची दुपार, टॅक्सीत ड्रायव्हर धरून सहाजण, सगळ्यांच्या अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायांत मोजे. आत इडल्या सहज वाफवून निघाल्या असत्या.

"अहो, बाहेर ऊन रणरणतंय," माझी सिंधूमावशी म्हणाली. "आत्ता कुठला आलाय डास?"

"दिवसा तो सावलीत बसतो," नाना म्हणाले. "आणि घाटात सावली असते."

"मग बसू दे की त्याला सावलीत. आम्ही कुठं उठवायला चाललोय?"

नानांनी तोंड पुन्हा रस्त्याकडे वळवलं. अडाणी माणसांशी वाद घालायचा नाही, हा त्यांचा नोकरीपासूनचा नियम होता. नोकरी हिवताप खात्यातली. उभ्या महाराष्ट्रातली डबकी त्यांनी जन्मभर तपासली. हिवताप काही गेला नाही, पण नाना रिटायर झाले, आणि हाताखाली जिल्हे होते तिथे फक्त घर उरलं. घरात माणसं दोनच, बायको माई आणि मुलगा सुबोध. तिसरी होण्याच्या बेतात मी होते.

बेत तसा पक्का झाला होता. मी कोल्हापूरला शाळेत भूगोल शिकवत होते. वय अठ्ठावीस, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने गाडी सुटून सिग्नल पडला होता. आईवडील लहानपणीच गेलेले, मला वाढवलं ते सिंधूमावशीने. स्थळं आली तशी गेली. एकाला माझा चष्मा खुपला, एकाला माझं बोलणं. मग पुण्याचा सुबोध पोफळखोलकर आला. इंजिनिअर, सावळा, हसरा. आमच्या शाळेच्या प्रदर्शनात माझ्या मुलींनी मातीचा सह्याद्री केला होता. त्याच्यापुढे तो उकिडवा बसला आणि एकेका मुलीला विचारत राहिला, की हा घाट कुठला, ही नदी इकडेच का वळली. माझं तिथेच ठरलं. एवढं लांबलचक आडनाव जन्मभर लावायलाही मी तयार झाले.

राहिला होता तो फक्त कौल. पोफळखोलकरांच्या घरात गावच्या माउलीने होकार दिल्याशिवाय सून येत नाही. नाना विज्ञाननिष्ठ माणूस. पत्रिका त्यांनी बघितली नाही, हुंडा मागितला नाही. मावशीने विचारलं, "मग देवीला कशाला विचारायचं?" तर म्हणाले, "शास्त्र वेगळं, शिरस्ता वेगळा." म्हणून आम्ही सगळे मिळून तळकोकणात पोफळखोलला निघालो होतो. माझं लग्न होणार की नाही ते तिथे ठरायचं होतं. नानांच्या दृष्टीने मुख्य प्रश्न मात्र वेगळाच होता. तो म्हणजे दमट हवेच्या गावात दोन दिवस काढून एकही डास चावून न घेता परत कसं यायचं.

गावात पोचल्यावर आम्ही देवळामागच्या भक्तनिवासात उतरलो. इतर माणसं अशा वेळी चहा मागतात. नानांनी काठी घेतली आणि परिसराची पाहणी सुरू केली. पाणी साठलेली प्रत्येक करवंटी पालथी केली, फुटक्या कुंड्या ओतल्या, गुरांच्या डोणीत बोट बुडवून अळ्या शोधल्या. मागून सुबोध बॅटरी घेऊन. भर दुपारी बॅटरी, कारण अळी प्रकाशात दिसते. शेजारच्या अंगणात शिरून त्यांनी तुळशीपुढचा तांब्याही ओतला, तशी घरातून एक बाई धावत आली.

"ओ नानानू! तुळशीचा पाणी ता! कित्याक ओतलात?"

"साठलेलं पाणी आहे," नाना म्हणाले.

"सकाळीच भरून ठेवलंय मगे! साठला म्हणजे काय झाला?"

"चूक झाली, काकी," सुबोध हळूच म्हणाला आणि विहिरीवरून तांब्या भरून आणून त्याने तुळशीपुढे ठेवला. ते मला फार आवडलं. बापाने सांडायचं आणि मुलाने भरायचं, हे जन्मभर चाललं तर भरणाऱ्याचं काय होतं, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. प्रेमात पडलेल्या बाईला भूगोलाचं ज्ञान असतं, बाकी उजेडच असतो.

संध्याकाळ व्हायच्या आधी मी सुबोधला म्हटलं, "खाडीवर जाऊन येऊ या? सूर्यास्त छान दिसतो म्हणे."

त्याचा चेहरा खुलला. मग म्हणाला, "नानांना विचारून येतो."

परवानगी मिळाली, पण सूर्य पाण्याला टेकायच्या आत परतायच्या अटीवर. सूर्यास्त बघायचा, पण सूर्य मावळायच्या आत. आम्ही निघालो. सुबोधच्या पायांत चपला, आत मोजे, शर्टाच्या गळ्यापर्यंत बटणं आणि अंगाला कडुनिंबाच्या तेलाचा असा वास, की डासच काय, मीही दोन हात लांबून चालत होते.

"तुम्हाला नाही उकडत?" मी विचारलं.

"उकडतं ना," तो हसला. "लहानपणी तर फार उकडायचं. आता कळत नाही."

"आणि डास चावला तर काय होईल?"

"खाजेल." तो जरा थांबला. "आणि नानांना कळेल."

मी हसले, तोही हसला. त्याच्याबरोबर हसायला मजा यायची, हे आजही कबूल करते. साठी उलटून गेली, पण तसं हसणारा माणूस पुढे फारसा भेटला नाही.

"उद्या कौलाला मी निळी साडी नेसणार आहे," मी म्हटलं. "खास घेतलीय. गडद निळी, इरकली."

"मावशींनी दाखवली. सुरेख आहे." मग तो खाडीकडे बघत म्हणाला, "पण फिकी नाही का एखादी? गडद रंगावर डास जास्त येतात. नाना म्हणत होते."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला तर निळीच आवडली."

"मग?"

"मग काय," तो म्हणाला, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

सूर्य पाण्यापासून हातभर वर होता तेव्हा आम्ही परत फिरलो. मागे वळून मी दोनतीनदा बघितलं. त्याने एकदाही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवा पेच उभा राहिला. भाऊ गुरव, म्हणजे माउलीचे पुजारी, सकाळी नियम सांगायला आले. नानांचं म्हणणं, कौल भर दुपारी लावा, तेव्हा डास नसतात.

"दुपारची माउली निजता," भाऊ म्हणाले. "कौल दिवेलागणीकच."

"दिवेलागण ही डासांची मुख्य वेळ!"

"आसात. आमच्या माउलीचीपण तीच." भाऊंनी पान जुळवलं. "आणि बापयांनी न्हावन येवचा. ओल्या पंचार उभ्या रवाचा. आंगार शर्ट नाय, तेल नाय, मलम नाय. कौल पडापर्यंत हलूचा नाय, बोलूचा नाय."

नानांचा चेहरा मी विसरणार नाही. ज्या माणसाने जन्मभर अख्ख्या राज्याला पूर्ण बाह्या घाला म्हणून सांगितलं, त्याला ऐन दिवेलागणीला, घामट हवेत, उघड्याबंब अंगाने, न हलता उभं राहायचं होतं. मला तर माउली तत्क्षणी आवडली.

"चावते ती मादी असते," नाना आमच्याकडे वळून म्हणाले. धोक्याची सूचना म्हणून म्हणाले. "नर बिचारा निरुपद्रवी. झाडाच्या रसावर जगतो."

"घरोघरी असं असतं तर काय पाहिजे होतं," मावशी म्हणाली.

पण नाना हरणारे नव्हते. जेवण झाल्यावर ते भक्तनिवासातला टेबलफॅन उचलून घेऊन आले. डास हा उडण्यात दुबळा प्राणी, पंख्याच्या झोतात तो टिकत नाही, हे त्यांनी भाऊंना चित्र काढून समजावलं. भाऊंनी पुष्कळ वेळ ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, पंख्याबद्दल वाडवडलांनी काय सांगलेला नाय, ठेवा, पण माउलीकडे तोंड नको. नानांनी मंडपात खांबाशी स्टूल ठेवलं, त्यावर पंखा, आणि त्याचं तोंड बापयांच्या, म्हणजे नानांच्या आणि सुबोधच्या, पाठींकडे, आडवं. कोन त्यांनी फूटपट्टी लावून ठरवला.

दिवे लागले. मी फिकी साडी नेसून मावशीच्या आणि माईंच्या मध्ये उभी राहिले. समोर नाना आणि सुबोध, ओल्या पंच्यावर, हात जोडून. सुबोध पंख्याच्या बाजूला. भाऊंनी माउलीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बाय माझे माउली!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

"आज ही लेकरां तुझ्या दारात इली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या झिलाचा लगीन ह्या चेडवाशी जमता आसा. ता बरा आसात तर उजवो दी, नाय तर डावो दी गे माउली!"

"व्हय म्हाराजा!"

मग सगळं शांत. फक्त पंख्याची घरघर. मला वाटलं होतं मी मनातून हसत राहीन. कसलं काय. पड गं बाई, उजवी पड, एवढंच माझ्या मनात चाललं होतं. मला तो माणूस हवा होता. मोज्यांसकट, तेलासकट, पोफळखोलकरसकट हवा होता.

पाकळ्या हलेनात. डास मात्र आले. पंख्याचा झोत नानांच्या पाठीवर डावीकडे पोचत नव्हता, फूटपट्टी कुठेतरी चुकली होती. एक डास त्यांच्या खांद्याखाली बसला. मग त्याचे आप्तेष्ट आले. नानांचे खांदे ताठ झाले. हलायचं नाही, बोलायचं नाही. त्यांनी फक्त मान जराशी वळवली आणि सुबोधकडे डोळे वटारून बघितलं. मग पंख्याकडे. मग पुन्हा सुबोधकडे.

सुबोधने माउलीकडे बघितलं, पाकळ्यांकडे बघितलं. आणि हात लांब करून त्याने पंख्याची मान फिरवली.

झोत नानांच्या पाठीवरून घसरून सरळ गाभाऱ्यात गेला. समईची ज्योत आडवी झाली. डाव्या खांद्यावरची पाकळी उडाली आणि माउलीच्या पायाशी जाऊन पडली.

भाऊंनी आधी पाकळीकडे, मग पंख्याकडे बघितलं. "वारो लागलो," ते म्हणाले.

"डावा पडला," माई पुटपुटल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. "देवीच्या मनात नाही."

"देवीच्या मनात नाही, की पंख्याच्या?" मावशी म्हणाली. "अहो, वाऱ्यानं उडाली ती! आम्ही काय आंधळ्या आहोत?"

"वारा तिकडे जाणं शक्य नाही," नाना म्हणाले. "मी कोन मोजून ठेवला होता."

"मग समईची ज्योत आडवी झाली ती काय माउलीला नमस्कार करायला?"

"अहो ताई, ज्योत कशानेही हलते. पंखा होता तिथेच आहे."

पंखा होता तिथेच होता, हे खरं. त्याचं तोंड गाभाऱ्याकडे होतं आणि सुबोधचा हात अजून त्याच्यावर होता. नाना तरी काय करणार? पंख्याने कौल दिला म्हटलं तर देवीपुढे पंखा आणल्याचं पाप, आणि कोन चुकला म्हटलं तर जन्मभराची विद्वत्ता गेली. त्यापेक्षा सून गेलेली स्वस्त.

मी पुढे झाले. "सुबोध, तुम्ही पंखा फिरवलात ना?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग नानांकडे. नाना गाभाऱ्याकडे बघत होते.

"फिरवलात ना? एवढंच सांगा. बाकी काही सांगू नका."

"मला..." सुबोध म्हणाला, "मला नीट आठवत नाही."

हात पंख्यावर होता. पाकळी अजून ओली होती. आणि त्याला आठवत नव्हतं. माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, आणि त्याची मला भयंकर लाज वाटली. नानांचा राग आला नाही. नाना होते तसेच होते, पहिल्या दिवसापासून. मला वाईट वाटलं ते त्या उकिडव्या बसलेल्या माणसाचं, ज्याने माझ्या मुलींना विचारलं होतं, की नदी इकडेच का वळली.

"कौल परत लावा," मावशी भाऊंना म्हणाली. "वारा लागलेला कौल आम्ही मानत नाही."

भाऊंनी डोकं खाजवलं. "लावतंय. पण एकाच माणसान तोच प्रश्न परत इचारूचो नाय, तसो नेम आसा. ह्यांचो झालो. आता चेडू इचारात. तोंडान नको, मनातल्या मनात. माउलीक आयकाक येता." मग नानांकडे बघून ते म्हणाले, "आणि ता यंत्र बंद करा."

पंखा बंद झाला. नव्या पाकळ्या लागल्या. भाऊ मला म्हणाले, "इचार गो बाय."

मी हात जोडले, डोळे मिटले आणि विचारायचं ते विचारलं. मनाशी पक्कं केलं, की माउली देईल ते निमूट घ्यायचं. डावं तर डावं, उजवं तर उजवं. त्यात मग हूं की चूं करायचं नाही.

डोळे उघडले तेव्हा देवळात डासांचं राज्य सुरू झालं होतं. नानांच्या पाठीवर, दंडावर, टकलावर. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, बहुधा ते जाती ओळखत असावेत. सुबोध पुतळ्यासारखा उभा. त्याच्या मानेवर एक टपोरा डास बसून पोटभर प्यायला आणि उडून गेला. मलाही घोट्यापाशी दोन चावले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला कुणी मोकळेपणाने चावत होतं. खाज सुटली, पण मी हलले नाही. ह्या वेळी मला उत्तर हवं होतं.

उजव्या खांद्यावरची पाकळी जरा घसरली. थांबली. मग अलगद सुटली आणि खाली आली.

"उजवो!" भाऊ ओरडले. "उजवो दिल्यान माउलीन!"

एकच गडबड उडाली. नाना दोन्ही हातांनी अंग खाजवत म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? पंख्याचा काही संबंधच नव्हता!" आधीच्या नकाराशी की आत्ताच्या होकाराशी, ते त्यांनी सांगितलं नाही. माईंनी डोळे पुसले, भाऊंकडून साखर घेतली आणि माझ्या तोंडात घातली. मी ती खाल्ली. देवीच्या प्रसादाला नाही म्हणू नये. सुबोध माझ्याकडे बघून हसला, तेच जुनं हसू. मला जरा गलबलून आलं.

"आता सांग हो पोरी," माई लाडाने म्हणाल्या. "काय म्हणालीस माउलीला? कसं विचारलंस? कौल पडल्यावर सांगायला हरकत नसते."

मी साखर गिळली.

"मी विचारलं, हे लग्न मोडू का?"

नानांचे खाजवणारे हात जिथल्या तिथे थांबले. मावशीने तोंडावर पदर ओढला आणि ती खांबाआड गेली. हसायला की रडायला, ते मी तिला पुढे कधी विचारलं नाही.

"असं... असं विचारतात का कुणी देवीला?" माई म्हणाल्या.

"इचारूक येता," भाऊ म्हणाले. "कौल तो कौल."

"पण प्रश्न लग्नाचा होता!" नाना म्हणाले.

"लग्नाचाच होता नाना."

सुबोधचा चेहरा पडला. ओल्या पंच्यावर, अंगभर डासांच्या गांधी घेऊन तो तिथे उभा होता आणि मला त्याची फार दया आली. खरं सांगते, त्या क्षणी तो माझ्याशी एक वाक्य बोलला असता, रागाचं का होईना, तर मी माउलीच्या पायावर डोकं ठेवून तिला म्हटलं असतं, चुकलं माझं, दिलेलं परत घे.

तो बोललाही.

"मग आता काय करायचं?" त्याने विचारलं. मला नाही, नानांना.